तळ्यातून, वाळूतून, हत्तीखान्यातून

बुधवार, साउथ केन्सिंग्टन

ब्रिटनच्या म्युझियमांत बघायच्या विमानांची यादी मामांची, वेळापत्रक माझं. यादीत नाव यायला मामांची एकच अट होती: त्या जातीची बाकीची विमानं संपलेली हवीत. जगात एक, फार तर दोन-चार उरलेली. आणि नव्याने बांधलेली प्रतिकृती कितीही हुबेहूब असली तरी ती मोजायची नाही. आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून काम केलेल्या माणसाची ही अट. त्यामुळे पुढचे सगळे दिवस माझं लक्ष माहितीच्या पाटीकडे आणि त्यांचं रिव्हेटांकडे, असंच चाललं.

सुरुवात लंडनच्या सायन्स म्युझियममधून केली, कारण ते सगळ्यात सोपं. तिसऱ्या मजल्यावर विमानांचं दालन आहे. खाली शाळेच्या पोरांचा कल्ला होता, वर त्या मानाने निवांत. शिरल्यावर नजरेत भरते ती व्हिकर्स व्हिमी. जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन हिच्यात बसून न्यूफाउंडलंडहून निघाले आणि सोळा तासांपेक्षा थोड्या कमी वेळात आयर्लंडला पोचले. न थांबता अटलांटिक ओलांडणारं हे पहिलं विमान. उतरायला वरून छान हिरवं दिसणारं मैदान निवडलं, ती निघाली दलदल. विमानाने नाक खुपसलं, दोघं सुखरूप राहिले. डागडुजी करून त्याच वर्षी ते म्युझियमला देऊन टाकलं. बसायची जागा उघडी, डोक्यावर काही नाही. मामा बराच वेळ तिकडे बघत होते. "सोळा तास असं उघड्यावर?" एवढंच म्हणाले आणि इंजिनाकडे वळले.

एमी जॉन्सनचं 'जेसन' हे जिप्सी मॉथ त्या मानाने एवढंसं. दुसऱ्याच्या हातचं घेतलेलं विमान. ५ मे १९३० ला ती क्रॉयडनहून एकटी निघाली आणि २४ मेला ऑस्ट्रेलियात डार्विनला उतरली. वाटेत कराची, झाशी, कलकत्ता, रंगून. झाशीला तर इंधन संपत आलं म्हणून लष्कराच्या कवायतीच्या मैदानावरच उतरली. नाव 'जेसन' का, तर तो वडिलांच्या मासळीच्या धंद्याचा छाप होता.

मामांचा जीव अडकला तो सुपरमरीन एस.६बी मध्ये. तरंड्यांवरचं निळं-चंदेरी शर्यतीचं विमान. सप्टेंबर १९३१ मध्ये ते ताशी ४०७.५ मैल, म्हणजे सुमारे ६५५ किलोमीटर वेगाने उडालं. ताशी ४०० मैलांच्या पुढे त्याआधी कोणी गेलं नव्हतं. एवढं इंजिन थंड करायला रेडिएटर बाहेर लावला तर वाऱ्याला अडणार, म्हणून पंखांचा पत्राच रेडिएटर केला. मामांनी हे वाचलं, मग पुन्हा पंखाखाली वाकून बघितलं. रेखाटन करणारा आर. जे. मिचेल, ज्याने पुढे स्पिटफायर काढलं.

ग्लॉस्टर ई.२८/३९ बघायला मात्र कोणी थांबत नव्हतं. १५ मे १९४१ ला क्रॅनवेलच्या धावपट्टीवरून ते सतरा मिनिटं उडालं, फ्रँक व्हिटलच्या जेट इंजिनावर. ब्रिटनचं पहिलं जेट. अशी दोनच बनवली होती. दुसरं १९४३ मध्ये कोसळलं, म्हणजे हे एकच. बुटकं, गोलसर, पुढे पंखा नसलेलं. यादीच्या अटीत सगळ्यात चपखल बसणारं विमान, आणि त्याच्यासमोर आम्ही दोघंच.

दालनातून बाहेर पडताना एक लक्षात आलं. इथली विमानं नशिबाने वाचलेली नाहीत. नाव झालं तेव्हाच ती बाजूला काढून ठेवली गेली. पुढच्या दिवसांत जे पाहिलं ते याच्या नेमकं उलट.

गुरुवार, हेंडन

नॉर्दर्न लाइनवर कॉलिनडेलला उतरायचं आणि चालत जायचं. रॉयल एअर फोर्सचं म्युझियम जुन्या हेंडन विमानतळाच्या जागेवर उभं आहे. आता भोवती इमारतीच इमारती, धावपट्टीचा मागमूस नाही. तरी पहिल्या महायुद्धाच्या वेळचा क्लॉड ग्रॅहम-व्हाइटच्या कारखान्याचा हँगर अजून आहे, आणि त्यात त्याच काळातली विमानं. तो आम्ही भरभर पाहिला. खरं काम बॉम्बफेकी विमानांच्या हँगरमध्ये होतं.

आत शिरल्यावर सगळे लँकेस्टरपाशी गोळा होतात. 'एस फॉर शुगर', क्रमांक आर५८६८. नाकावर बॉम्बच्या छोट्या चित्रांच्या ओळीच्या ओळी, एकेका मोहिमेची एकेक खूण. एकूण मोहिमा १३७. त्यांच्या खाली हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख ग्योरिंग याचं वाक्य रंगवलेलं: राइखच्या, म्हणजे जर्मनीच्या, हद्दीवर शत्रूचं एकही विमान उडणार नाही. विमानाच्या चमूने ते मुद्दाम तिथे लिहिलं होतं. लँकेस्टर ७,३७७ बनली, आज सतराच्या आसपास उरली आहेत, उडणारी दोन. तरी मामांच्या यादीत ते नव्हतं. "सतरा म्हणजे पुष्कळ झाली," म्हणाले.

आम्ही आलो होतो ते हॅलिफॅक्ससाठी.

हँगरमधल्या बाकीच्या विमानांना रंग आहे, काचा आहेत, खुणा आहेत. हे तपकिरी-करडं काहीतरी जमिनीवर पडलेलं. पत्रा जागोजागी फाटलेला, बरगड्या उघड्या पडलेल्या. २७ एप्रिल १९४२ ला हे नॉर्वेच्या किनाऱ्यावर लपलेल्या 'टिरपिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेलं होतं. तोफांचा मारा लागला, परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून वैमानिकाने ते गोठलेल्या हॉकलिंगन तळ्यावर पोटावर उतरवलं. सातही जण वाचले. घोटा मोडलेल्या एकाला जर्मनांनी पकडलं, बाकीचे चालत स्वीडनला पोचले. बर्फ वितळला आणि विमान तळाशी गेलं. ते १९७३ मध्ये पाणबुड्यांनी वर काढलं. गोड्या, थंड पाण्यात राहिल्यामुळे एवढं तरी उरलं.

म्युझियमने ते दुरुस्त न करता तसंच ठेवायचं ठरवलं. मला हा निर्णय फार पटला. बाजूच्या चकचकीत विमानांकडे बघताना आपण नकळत आकाराला दाद देतो. इथे मात्र कोण कुठे बसलं असेल, दार कोणत्या बाजूला, बाहेर पडायला किती वेळ लागला असेल, असले प्रश्न पडतात.

मामांना अजिबात पटलं नाही. "यंत्र असं ठेवतात होय? निदान एक इंजिन तरी साफ करून चालू करायचं. ते काय होतं हे चालल्याशिवाय कळणार कसं?"

"मामा, नवा पत्रा घातला की ते हॅलिफॅक्स राहील का?"

"चाललं की राहील."

हा वाद पुढे सहल संपेपर्यंत पुरला.

हॅलिफॅक्स सहा हजारांहून जास्त बनली होती. युद्ध संपल्यावर एकही पूर्ण ठेवायचं कोणाला सुचलं नाही. आज जवळजवळ पूर्ण अशी तीन आहेत. एक हे. दुसरं नॉर्वेतल्याच म्योसा तळ्यातून १९९५ मध्ये काढलेलं, ते कॅनडात ट्रेंटनला दुरुस्त होऊन उभं आहे. तिसरं यॉर्कशरमध्ये एल्व्हिंग्टनला, आणि त्याची कथा सगळ्यात न्यारी. त्याच्या धडाचा मोठा तुकडा स्कॉटलंडच्या लुइस बेटावर एका शेतात कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरात होता. पंख हेस्टिंग्ज या वेगळ्याच विमानाचे. याला काय म्हणायचं, यावर आमचा दुपारचा सगळा वेळ गेला. माझ्या मते ती प्रतिकृतीच्या जवळ जाणारी गोष्ट. मामांच्या मते कोंबड्या काही विमानाचा कस कमी करत नाहीत.

याच पिढीतलं चार इंजिनांचं तिसरं ब्रिटिश विमान म्हणजे शॉर्ट स्टर्लिंग. ते दोन हजारांहून अधिक बनलं. त्यांतलं एकही पूर्ण विमान आज जगात कुठेही नाही. हँगरमध्ये त्याची रिकामी जागा कोणी दाखवत नाही, पण यादी हातात असली की ती दिसते.

आता लिबरेटर. मी याच्याबद्दल मामांना आधी काही सांगितलं नव्हतं. अमेरिकेने ही बॉम्बफेकी विमानं अठरा हजारांहून अधिक बनवली. त्यातलं केएन७५१ इथे उभं आहे आणि ते आलं भारतातून. युद्ध संपलं तेव्हा रॉयल एअर फोर्सची अमेरिकेकडून उसनी घेतलेली लिबरेटर कानपूरला जमा होती. करारानुसार ती परत तरी करायची, नाहीतर निकामी तरी. ती निकामी केली. इंजिनांत वाळू, धडाला भोकं, पुन्हा कोणी उडवू नये असा चोख बंदोबस्त. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाला लांब पल्ल्याची विमानं हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून चाळीसेक विमानं निवडली, कानपूरला जेमतेम उडण्याइतकी ठाकठीक केली आणि चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला नेली. तिथे ती पूर्ण दुरुस्त झाली. १९४८ पासून १९६८ पर्यंत हवाई दलाने ती वापरली. तोवर जगात बाकी सगळीकडे लिबरेटर भंगारात गेली होती, म्हणून मग म्युझियमांनी भारताकडे मागणी केली. हे १९७४ मध्ये इकडे आलं. अमेरिकेत आणि कॅनडात जपलेल्या काही लिबरेटरांचा प्रवासही असाच कानपूर-बंगळूरवरून झालेला आहे. दिल्लीत पालमच्या म्युझियममध्ये आणखी एक आहे.

मामा विमानाभोवती दोनदा फिरले. मग पंखाच्या कडेला हात लावायला गेले आणि पाटी बघून मागे घेतला. "वाळू भरलेलं इंजिन," ते म्हणाले. "ते उघडून साफ करणाऱ्या माणसांची नावं कुठे लिहिलीत?" कुठे लिहिलेली दिसली नाहीत.

दुसऱ्या हँगरमध्ये सुपरमरीन स्ट्रॅनरॅर ही उडती बोट पाहिली, पूर्ण अशी जगातली एकमेव. मिचेलचंच रेखाटन. कालच्या शर्यतीच्या विमानाशेजारी ही ठेवली तर दोन्ही एकाच माणसाने काढलीत हे कोणी मानणार नाही. तिच्या तारा आणि काठ्या मोजता मोजता बंद व्हायची वेळ झाली.

शुक्रवार, ब्रुकलँड्स

वॉटरलूहून गाडीने वेब्रिज. १९०७ मध्ये मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला सिमेंटचा ट्रॅक इथे आहे, त्याची तिरकी चढण अजून शाबूत आहे. मधल्या मोकळ्या जागेत विमानं उडायला लागली, मग कारखाने आले. इथे कॉनकॉर्डही आहे आणि गर्दी तिकडेच असते.

आमचं वेलिंग्टन, एन२९८०. बॉम्बफेकी वेलिंग्टन ११,४६१ बनली, उरली दोन. एक रॉयल एअर फोर्सच्या म्युझियमचं आणि दुसरं हे. हेलिगोलँडच्या लढाईत, १८ डिसेंबर १९३९ ला, लक्ष्यापर्यंत गेलेल्या २२ वेलिंग्टनांपैकी १२ पडली. त्या दिवशी परत आलेल्यांत हे होतं. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरला प्रशिक्षणाच्या उड्डाणात स्कॉटलंडच्या डोंगरांवर इंजिन बंद पडलं. वैमानिकाने ते लॉख नेस तळ्यात उतरवलं. आधी उड्या मारलेल्यांपैकी मागच्या तोफेवरचा माणूस पॅराशूट नीट न उघडल्याने गेला.

१९७६ मध्ये काही अमेरिकन लोक सोनार घेऊन तळ्यातला तो सुप्रसिद्ध राक्षस शोधत होते. राक्षस सापडला नाही, वेलिंग्टन सापडलं. सप्टेंबर १९८५ मध्ये सुमारे ७० मीटर खोलीवरून ते वर काढलं. शेपटीकडचे दिवे नव्या बॅटरीला जोडल्यावर लागले, असं सांगतात. मामांनी ही गोष्ट इथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाकडून मला तीनदा भाषांतर करायला लावून ऐकली.

इथे त्यांनी धडावर कापड चढवलेलं नाही, आणि ते फार बरं केलं. बार्न्स वॉलिसने या विमानाचा सांगाडा सरळ आडव्या-उभ्या बरगड्यांचा न करता तिरक्या पट्ट्यांच्या जाळीचा केला. ड्युरॅल्युमिनच्या पट्ट्या दोन्ही दिशांनी वळसे घेत एकमेकींना छेदतात, बांबूच्या टोपलीची वीण असते तशा. एका दिशेची पट्टी दाबली गेली की दुसरी ताणली जाते आणि भार वाटला जातो. म्हणूनच तोफेच्या गोळ्याने मोठी भगदाडं पडूनही ही विमानं परत यायची. वर पत्रा नाही, नुसतं डोप, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण, लावलेलं कापड. एवढ्या तिरक्या-वाकड्या पट्ट्या जोडायच्या म्हणजे वेळखाऊ काम असणार, असं मला वाटलं होतं. पण १९४३ मध्ये प्रचारासाठी एक वेलिंग्टन चोवीस तासांच्या आत बांधून दाखवलं होतं.

मामांनी एकेका जोडाजवळ जाऊन बघितलं. कुठे पट्टी जुनी, कुठे नवी घातलेली, हे त्यांना लगेच ओळखू येत होतं. "हे पटतं," ते म्हणाले. "जुनं आहे ते जुनं दिसतंय, नवं ते नवं. आत काय आहे ते झाकलेलं नाही." मी हा माझ्या बाजूचा मुद्दा म्हणून नोंदवला. त्यांनी तो मान्य केला नाही.

शनिवार, डक्सफर्ड

केंब्रिजच्या दक्षिणेला डक्सफर्ड. खरीखुरी धावपट्टी असलेलं म्युझियम. ऑगस्ट १९३८ मध्ये पहिली स्पिटफायर इथल्याच १९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला मिळाली. दिवसभर डोक्यावर काही ना काही घोंगावत असतं, त्यामुळे हँगरमध्ये पाटी वाचता वाचता सगळे एकदम बाहेर धावतात.

अमेरिकन विमानांसाठी नॉर्मन फॉस्टरने रेखाटलेला काँक्रीटचा प्रचंड घुमट आहे, त्याची पुढची बाजू काचेची. आत बी-५२ बसतं, यावरून आकार समजावा. ते सगळं डोळे भरून पाहण्यासारखं आहे आणि आमच्या यादीत त्यातलं काहीही नव्हतं.

यादीत होतं एअरको डीएच.९. पहिल्या महायुद्धातलं लाकूड-कापडाचं बॉम्बफेकी विमान. युद्धानंतर ब्रिटनकडे हजारो विमानं शिल्लक राहिली, त्यातली काही साम्राज्यातल्या देशांना भेट म्हणून वाटली. भारताच्या वाट्याला आलेल्यांपैकी काही बिकानेरच्या महाराजा गंगासिंगांकडे गेली. त्यानंतर जवळजवळ सगळं शतक ती तिथेच राहिली. महालातल्या जुन्या हत्तीखान्यात. इंग्लंडमधल्या विमान-दुरुस्ती करणाऱ्यांना ती तिथे सापडली तेव्हा लाकडाचा बराच भाग वाळवीने खाल्लेला होता, पण धातूचे भाग, जोड, मापं सगळं जागेवर होतं. दोन विमानांचे अवशेष इकडे आले. त्यांतलं एक, डी५६४९, इथे प्रदर्शनात आहे. दुसरं उडण्याजोगं केलं आणि मे २०१९ मध्ये इथूनच ते पुन्हा उडालं. पहिल्या महायुद्धातलं उडणारं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान म्हणजे ते एकच. एक बिकानेरच्या किल्ल्यात अजून आहे.

हत्तीखाना नसता तर काय झालं असतं, याचं उत्तर सोपं आहे. बाकीच्या डीएच.९ चं जे झालं तेच. राजाने ती जपली असं म्हणणं धाडसाचं होईल. फेकायची कोणी तसदी घेतली नाही, एवढंच खरं. जागा भरपूर होती आणि हत्ती कमी झाले होते.

दुपारी स्पिटफायर एन३२००. मे १९४० मध्ये डंकर्कच्या माघारीच्या वेळी स्क्वॉड्रन लीडर जेफ्री स्टीफन्सन हे घेऊन गेले, गोळी लागली आणि त्यांनी ते कॅलेजवळ सांगातच्या किनाऱ्यावर उतरवलं. ते युद्धकैदी झाले, जर्मनीतल्या कोल्डिट्झच्या किल्ल्यातल्या तुरुंगापर्यंत पोचले. विमान वाळूत खचत खचत दिसेनासं झालं. १९८६ मध्ये लाटांनी वाळू सरकवली आणि ते पुन्हा वर आलं. २०१४ मध्ये ते उडालं आणि पुढच्या वर्षी म्युझियमला मिळालं.

यावर आमचं चांगलंच जुंपलं. वाळूतून निघालेल्या सांगाड्याचा फोटो आणि आजचं विमान शेजारी शेजारी ठेवा. क्रमांक तोच, नकाशे तेच, रंग तोच. पत्रा बहुतेक नवा. मी म्हणालो, हे सुंदर नवं स्पिटफायर आहे. मामा म्हणाले, कारखान्यात चाळीस वर्षं चालणाऱ्या लेथचे बेअरिंग बदलतात, मोटर बदलते, बेड घासून घेतात, म्हणून काय तो दुसरा लेथ होतो? मी म्हणालो, बेडच बदलला तर? त्यावर ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बेड बदलला तर नंबर प्लेट काढून नव्याला लावायची, सगळेच लावतात." याला होकार म्हणायचा की नकार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवार, ओल्ड वॉर्डन

बिगल्सवेड स्टेशनपासून पुढे टॅक्सी. बेडफर्डशरमधलं छोटं गवताचं विमानतळ, त्याच्या कडेला हँगरांची रांग. हे रिचर्ड शटलवर्थचं. पैसेवाल्या घरातला, मोटारी आणि विमानांचा नादी माणूस. १९३३ मध्ये दिल्लीच्या हवाई शर्यतीसाठी इंग्लंडहून छोटं कॉम्पर स्विफ्ट उडवत गेला होता. लोक भंगारात टाकत होते त्या काळात हा जुनी विमानं विकत घेत होता. ऑगस्ट १९४० मध्ये हवाई दलाच्या प्रशिक्षणात अपघातात तो गेला. आईने संग्रह ट्रस्ट करून चालू ठेवला.

इथला नियमच मामांच्या बाजूचा: शक्य असेल ते उडवायचं. सकाळपासून त्यांचा चेहरा जिंकल्यासारखा होता.

१९०९ चं ब्लेरिओ इथे आहे. एकदा पडलेलं, मग लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स रेल्वे पुलाखाली धूळ खात पडलेलं. तीन सिलिंडरांचं अँझानी इंजिन. पंखांना वेगळ्या फडक्या नाहीत, वळायचं तर तारांनी पंखच पिळायचा. वारा अगदी पडलेला असेल तेव्हा ते गवतावरून उडी मारल्यासारखं उठतं आणि सरळ रेषेत पुढे जाऊन बसतं, त्याहून जास्त त्याच्याकडून मागत नाहीत. १९१२ चं ब्लॅकबर्नही आहे, उडण्याजोगं सगळ्यात जुनं ब्रिटिश विमान. ते शटलवर्थला १९३७ मध्ये एका शेतावरच्या कोठारात पडलेलं मिळालं. दोन्ही उडतील की नाही हे संध्याकाळच्या वाऱ्यावर, आणि वारा काही पडला नाही. दोन्ही हँगरमध्येच राहिली.

पण अॅव्हरो ५०४के उडालं. याचं इंजिन रोटरी. त्यात दांडा विमानाला पक्का बसवलेला असतो आणि सिलिंडरांसकट अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरतं. आपल्याला सवय असते त्या अर्थाने वेग कमी-जास्त करता येत नाही. उतरताना वैमानिक ठिणगी मधूनमधून तोडतो, म्हणून आवाज तुटक तुटक येतो: भर्र, शांत, भर्र, शांत. वंगणाला एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. वापरलेलं तेल मागे उडतं. विमान समोरून गेलं आणि एरंडेलाचा तो जळका, गोडसर वास सगळ्या मैदानावर पसरला. मामांनी डोळे मिटून वास घेतला. त्या काळच्या वैमानिकांच्या पोटाचं काय होत असेल, यावर आमच्या मागे बसलेल्या आजोबांनी केलेला विनोद इथे लिहीत नाही.

त्यानंतर हॉकर हाइंड, अफगाणिस्तानच्या हवाई दलाच्या खुणांसकट. ही विमानं अफगाणिस्तानने तीसच्या दशकाच्या शेवटी घेतली होती. १९७० मध्ये त्यातलं एक ट्रस्टला भेट मिळालं आणि ते काबूलहून सुमारे दहा हजार किलोमीटर ट्रकने रस्त्याने आणलं. १९८१ पासून ते उडतंय. चंदेरी, लांबट नाकाचं, केस्ट्रेल इंजिनाचा आवाज एकसंध. या सहलीत मी पाहिलेलं सगळ्यात देखणं उड्डाण. हे मी कबूल केलं तेव्हा मामा काहीही बोलले नाहीत, नुसते हसले.

लाल रंगाचं डीएच.८८ कॉमेट जमिनीवरच होतं. ऑक्टोबर १९३४ मध्ये स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांनी याच विमानाने इंग्लंड ते मेलबर्न शर्यत जिंकली, ७० तास ५४ मिनिटांत, बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर करत. पूर्ण लाकडाचं. युद्धाच्या काळात हे विमान ताडपत्रीखाली उघड्यावर पडून होतं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. इतकं नाव कमावूनही.

सोमवार, कॉसफर्ड

वुल्व्हरहॅम्प्टनहून छोटी गाडी कॉसफर्डला थांबते आणि तिथून म्युझियम चालत जाण्याइतकं जवळ. शीतयुद्धाचं दालन २००७ मध्ये उघडलेलं, त्यात लाइटनिंग हे एक लढाऊ जेट नाक वर करून उभं टांगलंय. ब्रिटनची तिन्ही 'व्ही' (नाव त्या अक्षराने सुरू होणारी) बॉम्बफेकी विमानं एका छताखाली फक्त इथे. त्यातलं व्हॅलियंट एक्सडी८१८ हे पूर्ण उरलेलं एकमेव. १५ मे १९५७ ला प्रशांत महासागरात ब्रिटनच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांतला पहिला बॉम्ब याच विमानातून टाकला गेला. एवढं पांढरंशुभ्र, एवढं नेटकं विमान, आणि काम ते. आम्ही तिथे फार थांबलो नाही.

टीएसआर-२ या ब्रिटिश हल्ला-विमानाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने वाईट. ६ एप्रिल १९६५ ला अर्थसंकल्पात हा प्रकल्प रद्द झाला. तोवर एकच विमान उडालं होतं. दुसरं, एक्सआर२२०, उड्डाणासाठी तयार होतं, पहिलं उड्डाण त्याच दिवशी व्हायचं होतं. ते झालं नाही ते झालंच नाही. तेच विमान इथे उभं आहे. जोडणीचे साचे तोडून टाकले, उडालेलं विमान गोळाबाराच्या चाचणीला दिलं. साचे तोडले हे मामांना सगळ्यात लागलं. विमान रद्द करणं त्यांना समजू शकत होतं.

कावासाकी की-१०० पाहून मात्र ते खुलले. जगात हे एकच. १९४५ च्या सुरुवातीला जपानकडे की-६१ या लढाऊ विमानांची सुमारे २७५ धडं तयार होती आणि त्यांना बसवायला इंजिनं नव्हती, कारण ती बनवणाऱ्या कारखान्यावर बॉम्ब पडले होते. मूळ इंजिन निमुळतं, पाण्याने थंड होणारं. हाताशी होतं ते मित्सुबिशीचं गोल, हवेने थंड होणारं, बरंच रुंद. त्यांनी ते अरुंद धडावर बसवून दाखवलं, आणि विमान मूळच्यापेक्षा चांगलं निघालं. मामा त्या सांध्यापाशी अर्धा तास होते. शेजारी 'डायना' नावाने ओळखलं जाणारं मित्सुबिशीचं की-४६, तेही एकटंच.

मग बोल्टन पॉल डिफायंट, एन१६७१, पूर्ण असं एकमेव. पुढे रोखलेली एकही बंदूक नाही, चार मशीनगन सगळ्या वैमानिकाच्या मागच्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या घुमटीत. कल्पना कागदावर छान. जर्मन वैमानिकांना एकदा कळलं की समोरून गेलं तर काही होत नाही, तेव्हा संपलं. मग यांना रात्रीच्या कामाला लावलं. एन१६७१ काळ्या रंगात आहे ते त्यामुळेच, पोलिश वैमानिकांच्या ३०७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधलं.

शेवटचं नाव डॉर्निअर १७. ऑगस्ट १९४० मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सच्या वाळूत पडलेलं, डिफायंटांनीच पाडलं असावं असं म्हणतात. या जातीचं जगात दुसरं उरलेलं नाही. १० जून २०१३ ला ते समुद्रातून उचललं. समुद्राचं पाणी ही तळ्यापेक्षा फार वाईट गोष्ट. अॅल्युमिनियममध्ये मुरलेलं मीठ हवा लागली की पत्रा पोखरायला लागतं. म्हणून ते इथे आणून प्लास्टिकच्या लांबट तंबूंत ठेवलं आणि त्यावर सायट्रिक अॅसिडच्या सौम्य पाण्याचे फवारे सतत मारले, महिनोन् महिने. त्यांना ते पुन्हा उडवायचं नाही, रंगवायचंही नाही. समुद्राने दिलं तसं थांबवून ठेवायचंय.

दुरुस्ती केंद्र मोजक्याच दिवशी लोकांना उघडं असतं. आमचा दिवस त्यातला नव्हता. मामा बंद दारापाशी उभे राहून मला विचारत राहिले: फवारा किती वेळ, पाणी किती आंबट, स्टीलचे बोल्ट आणि अॅल्युमिनियम एकत्र असतात तिथे काय करतात, कारण तिथे अॅसिड दोघांनाही सारखं मानवणार नाही. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. हेंडनच्या हॅलिफॅक्सबद्दल बोलताना हाच माणूस इंजिन साफ करून चालू करा म्हणत होता, याची मी आठवण करून दिली.

"तिथे नुसतं ठेवलंय. इथे काम चाललंय," ते म्हणाले. "हे चालू करण्यापेक्षा अवघड आहे. असलं काम मी कधी केलेलं नाही."

फलाटावर गाडीला वेळ होता. मामांनी यादीचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या. पहिली: केंद्र उघडं असण्याच्या तारखा, रजा आधी टाकणे. दुसरी: एल्व्हिंग्टन, खुराड्याचं हॅलिफॅक्स. मग पेन माझ्याकडे देत म्हणाले, "आणि ते स्टर्लिंग. दोन हजार बनली म्हणतोस ना? एखादं तरी असेल कुठल्यातरी तळ्यात. बघून ठेव."

गाडी आली तेव्हा मी नकाशावर हॉलंडचे कालवे बघत होतो.